व्याळी

दिवस मावळतांनाच्या जेवणाला आज आपल्या बहुतेक घरांत ‘रात्रीचें जेवण’ एवढेंच म्हणतात. वस्तुतः त्याला स्वतःचें जुनें मराठी नांव आहे, आणि तें आपल्या वऱ्हाडच्या भूमींत लिहिलेल्या ग्रंथांतच सांपडतें. तें नांव ‘व्याळी’.

यवतमाळास लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यांत रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र आहे. म्हाइंभटांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रां’त श्रीचक्रधरस्वामींच्या सायंकाळच्या भोजनास हाच शब्द योजिला आहे. महानुभावांचे ग्रंथ कित्येक शतकें सांकेतिक लिपींत राहिले. त्या वाङ्मयाचा परिचय इतरांस करून देणाऱ्यांत यवतमाळचे य. खु. देशपांडे हे अग्रेसर होते.

आतां व्युत्पत्ति पाहूं. दिवसाच्या उतरत्या वेळेस संस्कृतांत ‘विकाल’ म्हणतात. प्राकृतांत दोन स्वरांमधला ‘क’ लोपतो. कुंभकाराचा कुंभार आणि लोहकाराचा लोहार झाला तो याच वाटेनें. त्याप्रमाणें ‘विकाल’चा ‘विआल’ झाला. पुढें मराठींत ‘ल’चा ‘ळ’ झाला, जसा ‘फल’चें ‘फळ’ होतांना झाला. विकालीं घ्यावयाचें अन्न ती व्याळी. गुजराथींतील ‘वाळु’ व हिंदींतील ‘ब्यालू’ हीं तिचींच भावंडें होत. सर्पवाचक ‘व्याळ’ शब्दाशीं तिचें कांहीं नातें नाहीं.

मौज अशी कीं, बौद्ध भिक्षूंना ‘विकालभोजन’ निषिद्ध आहे. मध्यान्हानंतर त्यांनीं अन्न घ्यावयाचें नसतें. भिक्षूची जी अवेळ, तीच गृहस्थाची वेळ ठरली. कारण दिवसभर शेतांत राबलेला माणूस घरीं येतो तो तिन्हीसांजेलाच.

शब्दाच्या पोटांतच वेळ दडलेली आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो कां मागें पडला याचाहि उलगडा होतो, असें मला वाटतें. विजेचे दिवे आले, कचेऱ्यांच्या व शिकवण्यांच्या वेळा लांबल्या, जेवण रात्रींत सरकलें; वेळ सुटली, तसें नांवहि सुटलें. एकाच घरांत आतां तीन पंगती उठतात, आणि घरची सून शेवटच्या ताटापर्यंत स्वयंपाकघरांत अडकून पडते.

केवळ कोशांत नोंदून असा शब्द जगत नाहीं. आठवड्यांतून एक दिवस तरी सर्वांनीं, सुनेसुद्धां, दिवेलागणीस एका पंगतीला बसावें. मुलें विचारतील, ‘आजोबा, आज इतक्या लौकर जेवण कसें?’ तेव्हां त्यांना सांगावें, ‘बाळांनो, ही व्याळी.’