बनावट कॅप बॅज
लष्करी टोपीवरील धातूच्या बिल्ल्याची जुना व अस्सल म्हणून विकली जाणारी नक्कल म्हणजे बनावट कॅप बॅज. चित्रपट वा नाटकासाठी उघडपणे केलेली प्रतिकृती बनावट ठरत नाही; मात्र तीच पुढे अस्सल म्हणून विकली जाऊ शकते.

ब्रिटिश रेजिमेंटांचे बहुतेक बिल्ले पोलादी ठशांनी पत्र्यावर दाबून काढले जात. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत रेषा बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि थंड होताना धातू आकसत असल्याने ती किंचित लहान भरते. मूळ ठशांवरूनच नंतर काढलेल्या प्रती अधिक फसव्या असतात. त्यांची दर्शनी बाजू हुबेहूब असल्यामुळे जाणकार संग्राहक बिल्ला उलटून मागची पट्टी, कड्या आणि डाख तपासतात. काळपटपणावर विसंबता येत नाही. तो रसायनांनीही आणता येतो.

एलिझाबेथ द्वितीय यांच्या कारकिर्दीत बिल्ल्यांवरील ट्यूडर मुकुटाची जागा सेंट एडवर्ड मुकुटाने घेतली. त्यामुळे हा मुकुट असलेला बिल्ला दुसऱ्या महायुद्धातील असू शकत नाही. याउलट, 1916 मध्ये काटकसरीसाठी अनेक दुधातू बिल्ले केवळ पितळेचे काढण्यात आले. त्यांत पांढरा धातू नसणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे.