केक का बसला?

आम्ही राहतो ते मानकोली हे भिवंडी तालुक्यातले गाव. मुंबई-नाशिक महामार्गाने जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा लागतात, तेच हे. उल्हास नदीची खाडी जवळ असल्यामुळे हवा दमट असते आणि मे महिन्यात तर अंगावरचा घाम वाळत नाही. केकवरच्या लेखात हवेचे वर्णन कशाला, असे वाचकांना वाटेल. पण ही हवा पुढे आपल्याला लागणार आहे.

आमच्या इमारतीतल्या एक वहिनी घरूनच वाढदिवसाचे केक करून देतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे डोंबिवलीहून एक मोठी ऑर्डर आली. केक संध्याकाळी सात वाजता पोहोचवायचा होता. पाच वाजता वहिनी केकचा डबा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. केकच्या कडा छान वर आलेल्या, तपकिरी, आणि मधोमध परातीसारखा खड्डा. “तुम्ही सायन्सवाले ना? मग सांगा, हा का बसला?” आम्हाला सांगता आले नाही. वहिनींना आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले. लोणी, साखर, मैदा, अंडी आणि दिवसभराचे श्रम गेले ते वेगळेच. डॉक्टरेट मिळवून इतकी वर्षे झाली, पण इतक्या साध्या प्रश्नापुढे निरुत्तर होण्याची पाळी क्वचितच आली होती.

मग आम्ही घरी प्रयोग सुरू केले. पहिल्या खेपेस सोडा कमी केला, आच वाढवली आणि एक अंडे जास्त घातले. केक उत्तम झाला. परंतु तो तिन्हींपैकी कशामुळे सुधारला, हे काही कळेना! प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर आम्ही त्याला चांगलेच सुनावले असते. दुसऱ्या दिवसापासून वही घातली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले.

आता मुळाशी जाऊ. भट्टीत जाण्यापूर्वी केकचे मिश्रण म्हणजे एक दाट फेस असतो. लोणी आणि साखर, किंवा अंडी आणि साखर, आपण बराच वेळ फेटतो तेव्हा हवेचे असंख्य बारीक बुडबुडे त्यात अडकतात. सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नवे बुडबुडे जवळजवळ तयार करत नाही. तो आधीच्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. पाण्याची वाफही तेच करते. म्हणून फेटण्यात कुचराई केली तर सोडा कितीही घातला तरी केकची जाळी बारीक आणि सारखी पडत नाही.

बुडबुडे फुगत असतानाच त्यांच्या भिंती घट्ट व्हायला हव्यात. अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील स्टार्च हे काम करतात. साधारण ६० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान प्रथिने गोठू लागतात आणि स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. साखर या दोन्ही क्रिया लांबवते, त्यामुळे साखर जास्त झाली तर भिंती उशिरा घट्ट होतात. भिंती घट्ट झाल्या की बुडबुडे फुटून एकमेकांना जोडले जातात आणि फेसाचा स्पंज होतो. फेसात बुडबुडे बंद असतात, स्पंजात ते उघडे असतात. बाहेर काढल्यावर स्पंजात बाहेरची हवा सहज शिरते, म्हणून तो उभा राहतो. फेसात ती शिरू शकत नाही, म्हणून तो आकसतो.

किती आकसतो? वर्गात गणित घालण्याजोगा प्रश्न आहे. बुडबुड्यातला वायू ९५ अंशांवरून ३० अंशांवर आला तर चार्ल्सच्या नियमाप्रमाणे त्याचे आकारमान ३६८ ला ३०३, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी घटते. शिवाय आतली बरीचशी वाफ पाणी होऊन जाते, तिचे आकारमान तर नगण्यच उरते. मधला भाग पुरता शिजण्याआधी झाकण उघडून पाहण्याची घाई नडते ती यामुळे.

वहिनींच्या केकमध्ये मधला भाग कच्चा राहिला होता हे सुरी खुपसल्यावर दिसलेच. पण का? त्यांनी वेळ तर नेहमीपेक्षा जास्त दिला होता. वही पाहिली तेव्हा उलगडा झाला. ऑर्डर मोठी म्हणून त्यांनी प्रत्येक जिन्नस दुप्पट घेतला होता, डबा मात्र नेहमीचाच वापरला होता. म्हणजे ४ सेंटिमीटरऐवजी मिश्रणाचा थर ८ सेंटिमीटर झाला. जाडी दुप्पट तर वेळ दुप्पट, असा त्यांचा हिशेब होता, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तोच केला असता.

उष्णता मिश्रणात बाहेरून आत वहनाने जाते, आणि वहनाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. ४ सेंटिमीटरच्या थराला ३५ मिनिटे लागत असतील तर ८ सेंटिमीटरला १४० मिनिटांकडे जावे लागेल. प्रत्यक्षात डब्याच्या बाजूंनीही उष्णता येते, त्यामुळे इतका वेळ लागत नाही. तरी ७० मिनिटांत काम होत नाही हे नक्की. आणि आच तीच ठेवून वेळ वाढवत गेलो तर कडा करपतात, कारण आत पाणी आहे तोवर आतले तापमान १०० अंशांवर जात नाही, पण कोरड्या पडलेल्या कडांचे जाते.

उपाय सोपा आहे. जाडी तीच ठेवून क्षेत्रफळ दुप्पट करायचे. १८ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याऐवजी ३६ सेंटिमीटरचा घ्यायचा का? नाही. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १८ गुणिले १.४, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटरचा डबा पुरे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे. वर्ग आणि वर्गमूळ एकाच केकमध्ये आले आहेत.

भट्टीबद्दल थोडे. आमच्या लहानपणी घरी गोल अॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन होता. त्याला तापमान राखणारे नियंत्रक नव्हते. संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागले की व्होल्टेज उतरायचे, आणि आईचा केक नेमका संध्याकाळचाच बसायचा. तेव्हा दोष तिच्या हाताला दिला जाई. हिशेब करून पाहा. तारेचा रोध साधारण तोच राहतो असे धरले तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर उष्णता उरते ६१ टक्के. बुडबुडे फुगून विरून जातात तरी भिंती घट्ट झालेल्या नसतात. याच्या उलट आच फार असेल तर वरचा पापुद्रा आधीच कडक होतो, आतले मिश्रण मागाहून फुगते आणि पापुद्रा फोडून ज्वालामुखीसारखे वर येते.

ओव्हन नसेल तर प्रेशर कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरून केक करण्याची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे. वाळूमुळे ज्योतीची उष्णता एका जागी न लागता पसरून लागते. मात्र झाकणाची रबरी रिंग आणि शिटी दोन्ही काढायला हवीत, आणि आच मंद हवी. येथे दाब नको आहे, कुकर फक्त झाकलेली भट्टी म्हणून वापरायचा आहे.

सोड्याविषयी लोकांची समजूत अशी की जास्त घातला तर केक जास्त फुगेल. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या ८४ ग्रॅममधून, पुरेसे आम्ल असल्यास, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे सपाट चहाच्या चमच्यातून, सुमारे ५ ग्रॅममधून, नेहमीच्या तापमानाला जवळजवळ दीड लिटर वायू! एका केकला इतका वायू मुळीच नको असतो. बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळतात, वर येऊन फुटतात आणि केक बसतो. दही, लिंबू असे आम्ल पुरेसे नसेल तर आणखी एक घोटाळा होतो. नुसत्या उष्णतेने सोड्यातून निम्माच वायू सुटतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते. ते म्हणजेच धुण्याचा सोडा. केकला साबणासारखी चव का येते, ते यावरून ध्यानात येईल. मिश्रणाच्या थेंबात चिमूटभर हळद कालवून पाहावी. लालसर रंग आला तर सोडा उरला आहे. ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात तेही याचमुळे.

बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र असते, आणि दोघांना कोरडे ठेवण्यासाठी मक्याचे स्टार्च घातलेले असते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये अशी पावडर तयार केली, ती पत्नीला यीस्ट सोसत नव्हते म्हणून. बर्मिंगहॅमची हवा कशीही असो, आमच्याकडे पावसाळ्यात उघडा डबा महिनाभर फडताळात राहिला की त्यातले सोडा आणि आम्ल डब्यातच एकमेकांना भेटतात. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी. जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर टाकून द्यावी.

श्रावणात आणि चतुर्थीला बिनअंड्याच्या केकची मागणी असते. त्यात भिंतीची सगळी भिस्त स्टार्चवर आणि ग्लूटेनवर. मैदा ओला करून हलवला की त्यातील दोन प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लूटेनची चिवट जाळी होते. पोळीच्या कणकेला ती हवी, म्हणून आपण कणीक तिंबतो. केकला ती बेताचीच हवी. मैदा घातल्यावरही पहिल्यासारखेच जोराने फेटले तर केक रबरासारखा होतो. आणि मैदा वाटीने मोजू नये. एकाच वाटीत दाबून भरलेला आणि चाळून भरलेला मैदा यांच्या वजनात सहज २० टक्क्यांचा फरक पडतो. वाण्याच्या तराजूवर मुलांकडून हे करवून घेता येईल.

आता सजावट. जून उजाडला तोवर वहिनींचे केक बसायचे थांबले होते, पण वरचे क्रीम ओघळू लागले. एकदा तर त्या क्रीम फेटत असताना फोन आला, यंत्र चालूच राहिले, आणि भांड्यात पिवळसर गोळे आणि पांढुरके पाणी उरले. त्या हळहळल्या. आम्हाला मात्र त्यात ओळखीचे काही दिसले. हे तर लोणी आणि ताक!

क्रीममध्ये स्निग्धांशाचे बारीक गोलक असतात. फेटताना ते अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती कुंपण करतात, म्हणून क्रीम उभे राहते. आणखी फेटले की ते पूर्ण चिकटतात, कुंपण मोडते आणि लोणी निघते. आपल्या आज्या रवीने घुसळून हेच मुद्दाम करत. उन्हाळ्यात थंड पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालायचे हेही त्यांना ठाऊक होते, कारण गोलक अर्धवट घट्ट असतील तरच चिकटतात. फ्रिजमधल्या ५ अंशांना दुधातला निम्म्याच्या आसपास स्निग्धांश घट्ट असतो. ३० अंशांच्या पुढे त्यातला फारच थोडा घट्ट उरतो. मानकोलीच्या मे महिन्यात हे क्रीम केकवर टिकावे तरी कसे? म्हणून भांडे आणि फेटणी दोन्ही आधी बर्फात ठेवायची. बाजारात मिळणारे वनस्पती-स्निग्धाचे क्रीम गरमीत जास्त तग धरते. चवीच्या बाबतीत आमचे मत दुधाच्या बाजूने आहे, पण वहिनींना केक पोहोचवायचा असतो.

तरीही एक कोडे राहिले. फ्रिजमधून काढलेल्या केकवरची गुलाबी फुले दहा मिनिटांत ओली होऊन रंग खाली उतरे. क्रीम तर घट्टच होते. मग पाणी आले कुठून? थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तिथूनच. हवेचे तापमान ३३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमणारच. त्यात साखर विरघळते आणि साखरेबरोबर रंग पसरतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हवा याहून कितीतरी तापलेली असते, पण दवबिंदू बराच खाली असल्याने हा त्रास कमी व्हायला हवा. तिकडच्या शिक्षकांनी पडताळून पाहावे.

वहिनी आता केक पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, ते खोके प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनच फ्रिजमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडत नाहीत. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये ते खोके ठेवून मोठागाव-मानकोली पुलावरून डोंबिवलीला नेतात, आणि गिऱ्हाइकाला सांगून येतात की मेणबत्त्या लावायच्या वेळीच उघडा. परवा त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो होतो. पेटीतून काढल्यावर पिशवीवर बाहेरून थेंबांची दाटी झाली होती. ती फडक्याने पुसून मग पिशवी सोडली. आतली फुले कोरडी होती. एका फुलाची पाकळी मात्र रस्त्यातल्या खड्ड्याने मोडली होती.