फॉर्मिक आम्लातला एक तास

अर्विंगहून ऑरेंज लाइनची गाडी पकडली की थेट डॅलसच्या मेडिकल डिस्ट्रिक्टला उतरता येतं. तिथल्या एका न्यूरोपॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करतो. प्रायॉनचा संशय असलेला मेंदू आला की त्या दिवशी बाकीची कामं मागे पडतात. काही भाग उणे 80 अंशांवर गोठवून क्लीव्हलँडच्या राष्ट्रीय केंद्राकडे पाठवायचा, उरलेला फॉर्मॅलिनमध्ये.

फॉर्मॅलिनने जंतू मरतात. प्रायॉन मरत नाही, कारण तो मुळात जिवंतच नसतो. ते आपल्याच मेंदूतलं एक प्रथिन, घडी चुकलेलं, आणि शेजारच्या प्रथिनांचीही घडी बिघडवणारं. म्हणून प्रत्येक तुकडा तासभर तीव्र फॉर्मिक आम्लात बुडवून ठेवायचा. दोन रबरी हातमोज्यांच्या मध्ये तिसरा, सहज न कापला जाणारा. 2010 मध्ये फ्रान्समधल्या एका लॅबमध्ये काम करणाऱ्या तरुणीच्या अंगठ्याला चिमट्याचं टोक टोचलं. 2019 मध्ये ती प्रायॉन रोगाने गेली. घाई करणाऱ्या नव्या मुलांना मी एवढंच सांगतो.

मग स्लाइड. गुलाबी पार्श्वभूमीवर बारीक बारीक भोकं, जाळी पडलेल्या पावासारखी. मेंदूज्वरात दिसते तशी पांढऱ्या पेशींची गर्दी इथे नाही. शरीराला शत्रू आलाय हे कळलेलंच नसतं. चेतापेशी विरळ झालेल्या. ही स्लाइड पाहिल्यावर क्विनाक्रिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधं रुग्णांना का वाचवू शकली नाहीत, याचं मला फारसं नवल वाटत नाही. लक्षणं दिसेपर्यंत घराचे वासेच फिरलेले असतात.

त्यामुळे आता संशोधनाचा रोख कच्च्या मालावर, म्हणजे घडी चुकण्याआधीच्या मूळ प्रथिनावरच आहे. हे प्रथिन तयारच न होणाऱ्या उंदरांना प्रायॉन टोचला तरी रोग होत नाही, हे 1993 मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. सोनिया वल्लभची आई 2010 मध्ये आनुवंशिक प्रायॉन रोगाने गेली. तोच जनुकदोष आपल्यातही आहे हे कळल्यावर सोनियाने वकिली सोडली आणि पती एरिक मिनिकेलसह ती बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये याच कामाला लागली. या प्रथिनाचं उत्पादनच कमी करणारं, मणक्यातून द्यायचं आयओएन-717 हे औषध आता रुग्णांवर तपासलं जात आहे. ते लागू पडतंय का, याची पहिली खूण म्हणजे पाठीतल्या पाण्यात प्रथिन किती घटलं. माझ्या मते खरी कसोटी मात्र लक्षणं दिसण्याआधी औषध देण्यात आहे.

दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना होणारा हा रोग. आरटी-क्विक चाचणीने जिवंतपणीच बरंचसं निदान होतं, पण शेवटचा शब्द अजून मेंदूच्या तुकड्याचाच. आपली माणसं शवविच्छेदनाचं नाव काढताच हात जोडतात; इथल्या मराठी घरांतही तेच. अमेरिकेत संशयित रुग्णाच्या या तपासणीचा खर्च क्लीव्हलँडचं केंद्र उचलतं. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे. अशी वेळ आलीच, तर नाही म्हणण्याआधी डॉक्टरांशी एकदा बोला.