विंचू उतरला म्हणजे विष उतरलं?

रत्नागिरीकडच्या वाड्यांत वैशाखात घर शाकारायला, गडग्याचे दगड हलवायला माणसं लागली, की विंचू चावल्याच्या बातम्या सुरू होतात. पुढे भातकापणीत, पेंढ्याच्या भाऱ्यात हात घालताना, तेच. जांभ्याच्या कपारी आणि उडवीच्या तळाचा ओलसर काळोख लाल विंचवाला मानवतो. बाया-बापड्या, पोरं, सगळ्यांनाच तो भेटतो. आणि चावला की घरात पहिला प्रश्न येतो : ‘कळा किती येतायत?’

इथेच घात होतो. कळा जितक्या जास्त तितकं विष जास्त, ही समजूत कोकणात फार खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात ज्याला नुसत्याच असह्य कळा येतात, तो बहुतेक वेळा सुखरूप असतो. ज्याच्या अंगात विष भिनलेलं असतं, त्याला दंशाच्या जागी कधी कधी फारसं दुखतही नाही. त्याची लक्षणं वेगळी : उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हात-पाय बर्फासारखे गार, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरता. शेवटचं लक्षण लाजेपोटी लपवलं जातं. ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. पलीकडच्या रायगड जिल्ह्यात, महाड-बिरवाडीच्या भागात रुग्ण तपासता तपासता डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ही पूर्वसूचना देणारी लक्षणं टिपली आणि 1982मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली. खेड्यातल्या खाटेशेजारी बसून केलेलं हे संशोधन आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

मग मंत्राने विंचू उतरतो तो कसा? उतरतो, कारण बहुसंख्य दंशांत विष अंगात फारसं जातच नाही. काही तासांनी कळा आपोआप ओसरतात, आणि श्रेय त्या वेळी जवळ बसलेल्याला मिळतं. मंत्र घालणारा लबाडच असतो असं नाही. त्याने शेकडो माणसं बरी होताना खरोखर पाहिलेली असतात. पण ज्या थोड्यांच्या अंगात विष भिनलेलं असतं, त्यांचे मोलाचे तास त्या अंगणात जातात. कळा थांबल्या, पोर शांत पडलं, आता बरं वाटतंय असं सगळे म्हणत असतात, तेव्हाच आत काय चाललेलं असतं? विष मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडी धरतं, शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. खोकल्याबरोबर गुलाबी फेस आला, म्हणजे आधीच उशीर झालेला असतो.

विंचू जितका मोठा तितका जहाल, हेही खरं नाही. काळी दांडगी इंगळी बघून जीव घाबरतो, पण जीवावर उठतो तो तिच्यापेक्षा लहान असलेला लाल विंचू.

‘विंचवावर औषध नाही’ असं अजूनही ऐकू येतं. औषध आहे, आणि ते साधं आहे. प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. ती वापरात येण्याआधी गंभीर रुग्णांत मृत्यू सर्रास होत. ती आल्यावर चित्र पालटलं. पण गोळी विष मारत नाही, विषाचे परिणाम आवरते. विषावर थेट काम करतं ते विंचवाचं प्रतिविष, मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारं. सापाच्या प्रतिविषाचा इथे काडीचाही उपयोग नाही.

दोन्ही एकत्र दिली तर? बावस्कर दांपत्याने महाडला 70 रुग्णांवर चाचणी घेतली; ती 2011मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्राझोसिनबरोबर प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8 जण. आपल्या चिपळूणच्या डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनीही 2010मध्ये प्रतिविषाने रुग्ण प्राझोसिनपेक्षा लवकर सावरतो असं दाखवलं. म्हणून चावलेल्या प्रत्येकाला ते टोचावं का? नाही. ट्युनिशियात 800हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविष सरसकट देऊन फायदा दिसला नव्हता. तिथले विंचू वेगळे, हे खरं. पण लक्षणं बघून द्यायचं हे तारतम्य इथेही लागतंच. नुसत्या कळांना दंशाच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन पुरतं.

प्राझोसिन घरात आणून ठेवू नका. पहिल्या गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, रुग्ण उभा राहिला की कोसळतो. दवाखान्यात गोळी दिली की त्याला आडवंच राहू द्या, लघवीसाठीही उठवू नका. आणि दवाखान्यात जाताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा : कितीच्या सुमारास चावला, उलट्या किती झाल्या, हात-पाय कधीपासून गार आहेत.