पोच आली नाही तर?

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली विद्यापीठ यांमधील माहितीवहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. म्हणजे सेकंदाला रोमन लिपीतील पाच अक्षरे! अंतर होते अवघे ४०० यार्ड. तारा शाबूत होत्या. घोळ शिष्टाचारात होता. ‘टीसीपी’च्या नियमानुसार संगणक मजकुराची पॅकेटे पाठवतो आणि पोच न आल्यास तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. गर्दीत पोच रखडते. मग सारेच संगणक पुन्हापुन्हा पाठवू लागतात. गोंगाट असलेल्या वर्गात प्रत्येकाने आवाज चढवावा, तसे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला: सुरुवात एका पॅकेटने करायची, पोच येईल तसतशी संख्या वाढवायची, पॅकेट हरवले की एकदम कमी करायची. बदल केवळ टोकांच्या संगणकांत करावा लागला. मधली यंत्रे होती तशीच चालली.