माउंट डेझर्ट : बांधलेल्या वाटांचं बेट
पाऊलवाटा : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण मदेरा बेटावर पाटांच्या कडेनं चाललो. तिथल्या वाटा पाण्याच्या सोबतीनं जातात. आजच्या बेटावरच्या वाटांना पाण्यापासून जपावं लागतं, आणि ते काम सव्वाशे वर्षं चालू आहे.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. त्याचा किनारा विरलेल्या पदरासारखा आहे, धाग्याधाग्यांनी सुटलेला. त्यातलं सगळ्यात मोठं बेट म्हणजे माउंट डेझर्ट, सुमारे २८० चौरस किलोमीटरचं. मुख्य भूमीला ते एका छोट्या पुलानं जोडलेलं आहे आणि बेटाचा मोठा भाग अकेडिया राष्ट्रीय उद्यानात येतो. बोस्टनहून गाडीनं पाच तास. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतून ऑक्टोबरच्या लांब सुट्टीत पानांचे रंग पाहायला इथं येण्याची पद्धतच पडली आहे. मीही पहिल्यांदा गेले ती बोस्टनच्या भाचीबरोबर, ऑक्टोबरातच. रंग पाहिले, पण मनात राहिल्या त्या पायऱ्या.

पायऱ्यांकडे येण्याआधी बेटाचा आकार समजून घ्यायला हवा. इथला कातळ गुलाबी ग्रॅनाइटचा. हिमयुगात त्यावरून मैलभर जाडीचा बर्फ उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकला. पूर्व-पश्चिम पसरलेली एक सलग डोंगररांग त्यानं खरवडून कापली आणि उत्तर-दक्षिण अशा सुट्या डोंगरांत वाटून टाकली. मधल्या खोल घळींत आज तळी आहेत. बर्फ चढला त्या उत्तर बाजूला डोंगर घासून गुळगुळीत झाले. उतरला त्या दक्षिण बाजूला त्यानं खडकाचे चिरे उचकटून नेले आणि मागे तुटलेले कडे ठेवले. बीहाइव्ह नावाची जेमतेम ५२० फूट उंचीची टेकडी पाहिली की हे सगळं एका नजरेत कळतं. मागून गेलात तर म्हाताऱ्या माणसालाही जमेल अशी चढण, पुढून गेलात तर पायऱ्यापायऱ्यांचा उभा कडा. या बेटावर वाट सोपी आहे की अवघड, हे डोंगराच्या उंचीवरून नाही, तुम्ही कुठल्या दिशेनं चढता यावरून ठरतं.

सप्टेंबर १६०४ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी साम्युएल द शाम्प्लें इथून गेला तेव्हा त्याला दिसले ते हेच उघडेबोडके माथे. त्यानं बेटाला ‘ओसाड डोंगरांचं बेट’ अशा अर्थाचं फ्रेंच नाव दिलं. डेझर्ट म्हणजे इथं वाळवंट नव्हे. बेट ओसाडही नव्हतं. वाबानाकी लोक हजारो वर्षं इथं येत-राहत होते, मासे आणि शिंपले धरत होते, आणि बेटाला पेमेटिक म्हणजे ‘डोंगरांची रांग’ म्हणत होते. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी डोक्यावर घेऊन जायच्या त्यांच्या वाटा होत्या. इथल्या वाटांचा इतिहास सांगायचा तर पहिलं नाव त्यांचं घ्यायला हवं. आज एका डोंगराचं नाव पेमेटिक आहे, आणि वाबानाकी लोकही आहेत, आपल्या विणलेल्या टोपल्यांसह.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टॉमस कोल आणि फ्रेडरिक चर्च या चित्रकारांनी इथली चित्रं रंगवली. ती शहरांतल्या भिंतींवर लागली आणि त्यांच्या मागोमाग उन्हाळी पाहुणे आले. आधी मच्छीमारांच्या घरात खाटेवर निजणारे, मग हॉटेलांत उतरणारे, शेवटी स्वतःचे वाडे बांधणारे. हे लोक दिवसभर चालायचे. बार हार्बर आणि आसपासच्या गावांत त्यांनी ग्रामसुधार मंडळं स्थापली आणि त्या मंडळांत वाटांच्या समित्या नेमल्या. गावाच्या सुधारणेत डोंगरातली पायवाट मोडते, ही कल्पना मला फार आवडते.

वॉल्ड्रन बेट्स हा बोस्टनचा वकील १९०० ते १९०९ बार हार्बरच्या समितीचा प्रमुख होता. १८९६ चा बेटाचा वाटांचा नकाशा करणाऱ्या तिघांतला हा एक. वाट कुठून न्यावी याबद्दल त्याचं मत ठाम होतं. डोंगरात जिथं काही पाहण्यासारखं आहे, एखादी कपार, एकमेकांवर रेललेले धोंडे, कड्याखालचा अरुंद कोपरा, तिथून वाट गेली पाहिजे. ती अवघड असेल तर तिथं पायऱ्या बसवाव्यात. गरज पडली तर लोखंडी गज ठोकावेत. पण जवळचा मार्ग म्हणून चांगली जागा चुकवू नये.

उघड्या कातळावर वाट कशी दाखवायची, यावरही त्यानं तोड काढली. आपल्याकडे ट्रेकर दगडावर दगड ठेवून लगोरी रचतात, तसंच, पण नेमकं. दोन बाजूंना दोन पायाचे दगड, त्यांच्यावर आडवी फरशी आणि फरशीवर एक छोटा दगड. फरशीखालची पोकळी वाटेच्या दिशेला उघडते. समुद्रावरून धुकं चढून आलं आणि वीस पावलांपलीकडचं दिसेनासं झालं की ही छोटी चौकट जिवाला आधार देते. मधल्या काळात तिची जागा साध्या ढिगांनी घेतली होती. या शतकात उद्यानानं बेट्सची पद्धत पुन्हा आणली. म्हणून एक विनंती : तिथं गेलात तर गंमत म्हणून स्वतःची लगोरी रचू नका आणि असलेल्या लगोरीवर आपला दगड चढवू नका. चुकीच्या जागी उभा राहिलेला ढीग पुढच्या माणसाला कड्याकडे नेऊ शकतो. शिवाय त्यासाठी उचललेला प्रत्येक दगड तिथली मूठभर माती उघडी पाडतो, आणि माथ्यावर माती मूठभरच आहे.

आता पाण्याकडे येऊ. वाट म्हणजे पायांनी दबलेली जागा. ती आजूबाजूपेक्षा दोन बोटं खाली जाते आणि पावसाच्या, वितळत्या बर्फाच्या पाण्याला तयार चर मिळतो. पाणी माती नेतं, झाडांची मुळं उघडी पडतात, चिखल होतो. चालणारा बूट वाचवायला कडेनं जातो आणि तिथं दुसरा चर पडतो. हातभर रुंदीची वाट दहा हात रुंद होते आणि मग ती वाट न राहता जखम होते. त्यावर हिवाळ्याची भर. सांध्यात शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि मणामणाचे दगड उचलून सरकवतं.

इथल्या जुन्या गवंड्यांनी याला उत्तर दिलं ते चुन्या-सिमेंटशिवाय. ग्रॅनाइटची एकेक पायरी अशी बसवायची की वरची पायरी खालचीच्या मागच्या कडेवर टेकेल. वरच्या दगडाचं वजनच खालच्याला जागेवर धरून ठेवतं. बाजूला रचीव दगडांची भिंत. डोंगराकडच्या अंगाला पाण्याचा चर, आणि चराचं पाणी वाटेखालून पलीकडे काढायला दगडी मोऱ्या. या मोऱ्या वरून दिसत नाहीत. एमरी पाथवर मी एक शोधली, गुडघ्यांवर बसून. आत पाण्याचा आवाज येत होता, आणि वरून माणसं कोरड्या पायांनी चढत होती.

एमरी पाथ आणि होमन्स पाथ या वाटा डॉर माउंटनच्या पूर्व अंगावर आहेत. डोंगराचं नाव जॉर्ज डॉर याच्यावरून पडलं. हा बोस्टनचा अविवाहित सुखवस्तू गृहस्थ. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या पुढाकारानं १९०१ मध्ये बेटावरच्या जागा लोकांसाठी राखण्याकरता एक विश्वस्त मंडळ स्थापन झालं, आणि डॉरनं पुढचं सगळं आयुष्य त्यात घातलं. १९०८ मध्ये एलायझा होमन्स या बाईंनी बीहाइव्ह आणि त्यामागचं तळं दान दिलं. तिथून जमिनी गोळा होत गेल्या. डॉरनं त्यांची कागदपत्रं वॉशिंग्टनला नेऊन त्या सरकारच्या हवाली केल्या. १९१६ मध्ये त्या राष्ट्रीय स्मारक झाल्या, १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि १९२९ मध्ये उद्यानाला अकेडिया हे नाव मिळालं. डॉर १९४४ मध्ये गेला. दृष्टी अधू झाली होती, वडिलार्जित पैसा बेटावर खर्च झाला होता. त्याच्या काळात आपल्या माणसाच्या आठवणीसाठी वाट बांधायला पैसे देण्याची रीत पडली. कर्ट डीडरिक्स क्लाइंब या वाटेच्या पायथ्याशी नाव कोरलेला दगड आहे. आपल्याकडे आईवडिलांच्या नावे घाटाच्या पायऱ्या बांधत, पाणपोई घालत, त्याच जातीचं हे दान. मी त्या नावावर हात ठेवला आणि मगच चढायला लागले.

होमन्स पाथ काही दशकं नकाशावरून गायब होता. पायऱ्या पालापाचोळ्याखाली जागच्या जागी होत्या. त्या मोकळ्या करून वाट पुन्हा सुरू झाली. अशी कामं करायला पैसा कुठून आला? १९९९ मध्ये उद्यान आणि ‘फ्रेंड्स ऑफ अकेडिया’ या संस्थेनं मिळून १ कोटी ३० लाख डॉलरची मोहीम काढली. ४० लाख प्रवेशशुल्कातून, ९० लाख देणग्यांतून. त्यात कायमनिधीही ठेवला, म्हणजे दुरुस्तीसाठी दरवर्षी नव्यानं हात पसरायला नको. इथली पथकं आजही तारा, कप्प्या आणि पहारी वापरून दगड हलवतात आणि जुन्या पायरीशेजारी तशीच नवी पायरी बसवतात.

हे पाहताना मला हरिहर गडाची वाट आठवत राहिली. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या आणि हात धरायला दोन्ही अंगांना काढलेल्या खोबण्या. ज्यानं त्या कोरल्या त्यानं पायाचा, हाताचा, पाण्याचा, सगळ्याचा विचार केला होता. आपल्या गडांवर जिथं तुटलेल्या जुन्या पायरीवर सिमेंट ओतलेलं दिसतं, तिथं मला दुःख होतं. सिमेंट दोन पावसाळ्यांत फुटतं आणि त्याखालची खूणही पुसली जाते. दगडाचं काम दगडानं दुरुस्त करता येतं, आणि ते शिकवणारी जुनी वाट आपल्याकडे गडोगडी आहे.

बेटावरची सर्वांत अवघड वाट म्हणजे शाम्प्लें डोंगरावरची प्रेसिपिस. दीड किलोमीटरभरात हजार फूट चढ, कड्यात ठोकलेले गज, शिड्या आणि एका पावलाएवढ्या कडा. ती बांधली रुडॉल्फ ब्रुनो यानं, प्रिन्स्टन विद्यापीठात सेमिटिक भाषांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकानं. त्याच्या दुसऱ्या एका वाटेचं नाव ‘ऑरेंज अँड ब्लॅक’, म्हणजे प्रिन्स्टनचे रंग. प्रेसिपिस वसंतापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहुधा बंद असते, कारण त्या कड्यावर बहिरी ससाण्याची घरटी असतात. डीडीटी या कीटकनाशकामुळे या पक्ष्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि १९५०च्या दशकानंतर तो बेटावरून नाहीसा झाला होता. १९८४ ते १९८६ मध्ये पिल्लं आणून सोडली आणि १९९१ मध्ये याच कड्यावर पुन्हा घरटं यशस्वी झालं. मला ही वाट ऑक्टोबरात मिळाली. वर चढलात तरी गजांवरून उतरू नका. मागच्या सोप्या उतारानं खाली या. बीहाइव्हलाही तसंच. वरून येणारा आणि खालून जाणारा एका गजावर भेटले तर दोघांनाही जागा नसते. ग्रॅनाइट ओला असेल तर जाऊच नका. दगडफुलावर पाणी पडलं की ते शेवाळासारखं निसरडं होतं.

कॅडिलॅक हा सर्वांत उंच माथा, १,५३० फूट. तिथं गाडी जाते, आणि साधारण ७ ऑक्टोबर ते ६ मार्च या काळात अमेरिकेतलं पहिलं ऊन तिथं पडतं म्हणून पहाटे गर्दी उसळते. गाडीला आता हंगामात आरक्षण लागतं. माझं मत विचाराल तर दक्षिण धारेवरून चालत जा. साडेपाच किलोमीटर, सौम्य चढ, पाठीला समुद्र. निळ्या रंगाचे पट्टे कातळावर वाट दाखवतात. मुलं, ज्येष्ठ असतील तर जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी १९१३ ते १९४० या काळात बांधून घेतलेले घोडागाडीचे रस्ते आहेत. मोटारींना मज्जाव, दगडी कमानींचे पूल, चढ इतका मंद की कळतही नाही. जॉर्डन पाँडला वळसा घातलात तर तळ्याकाठच्या उपाहारगृहात पॉपओव्हर खा, आतून पोकळ, गरम, लोण्याबरोबर. परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते नीट पाहा, लाइमचा आजार या भागात आहे.

आणि ज्या रंगांसाठी सगळे येतात ते? ऑक्टोबर १९४७ मध्ये, कोरड्या ठणठणीत पडलेल्या वर्षी, बेटाला आग लागली. १७ हजार एकरांहून अधिक जळालं, श्रीमंतांचे वाडे गेले. काळ्या-हिरव्या स्प्रूसच्या जागी जळालेल्या भूमीवर बर्च आणि अॅस्पेन उगवले. बेटाच्या पूर्व भागात आज जो पिवळा वणवा दिसतो त्यातला बराचसा त्या आगीनंतरचा आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही बार बेटावर गेलो. बार हार्बर गावातून ओहोटीला खडीचा एक पट्टा उघडा पडतो, त्यावरून समोरच्या छोट्या बेटावर चालत जाता येतं. ओहोटीच्या आधी दीड तास, नंतर दीड तास, एवढाच वेळ. भरती-ओहोटीत इथं दहा-बारा फुटांचा फरक पडतो. आम्ही अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जाणारी माणसं, आम्हाला हे शिकवायला नको होतं. भाचीनं मोबाइलवर ओहोटीची वेळ पाहिली आणि मी सवयीनं आधी पाण्याकडे पाहिलं. संपूर्ण बेटावर कुणीही न बांधलेली एवढीच एक वाट. समुद्र ती दिवसातून दोनदा घालतो आणि दोनदा काढून घेतो. आम्ही पलीकडच्या टेकाडावर पाव तास बसलो. समोर डॉर, कॅडिलॅक आणि शाम्प्लें एका ओळीत उभे होते. मग उठलो, कारण पट्ट्याच्या डाव्या अंगाला पाणी चढायला लागलं होतं.