माहेरच्या अंजिराच्या काड्या

"मागं खोली काढायचीय गं, अंजीर पाडावा लागणार," आईनं फोनवर सांगितलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं. तिकडच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमचं झाड काही बागेतलं नव्हे. धुण्याच्या दगडाशेजारी, सांडपाण्यावर वाढलेलं. भावाचंही चूक नव्हतं. मुलं मोठी झाली, जागा हवीच. तेव्हा वाद न घालता मी जानेवारीत गेले आणि दहा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून कर्जतला घेऊन आले.

अंजीर बी पेरून लावत नाहीत, फांदीपासूनच लावतात. म्हणजे झाड थेट आईच्या वळणावर जातं. फांदी वर्षभराची, पिकलेली, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड घ्यावी. वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा आणि वरचा तिरका घ्यावा. वर पाणी साचत नाही आणि कुठलं टोक मातीत जायचं हेही लक्षात राहतं. (हसू नका, घाईत काडी उलटी रोवली जाते!) कापताना पांढरा चीक निघतो, तो अंगाला लागला की खाजतो. तो सुकू द्यावा. मी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडली, निम्मी वाळू आणि निम्मी माती भरली, आणि एक-दोन डोळे वर ठेवून काड्या रोवल्या.

वीस दिवसांत पानं फुटली. मी तर सगळ्या आळीला दाखवत सुटले! पिशव्या उन्हात ठेवल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आठवड्याभरात एकेक काडी मान टाकू लागली. उपटून पाहिलं, तर खाली मूळच नाही.

आता कळतं ते असं. टोपलीतल्या कांद्याला मातीशिवाय कोंब फुटतोच ना? तसंच हे. काडीनं पोटात साठवलेल्या शिदोरीवर पानं काढलेली असतात. पानं ऊन पाहून पाणी मागतात आणि खालून पुरवणारं कुणी नसतं. त्यात जास्त पाण्यानं बुडखा कुजतो. आणि मी तर दर दोन दिवसांनी उपटून बघत होते! केसासारखी नाजूक मुळं आली असतील तीही तुटली असणार. सहा काड्या गेल्या. तोवर माहेरी झाड पाडूनही झालं होतं. उरल्या त्या चारच.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाताचं झाकण सारखं उघडलंस तर भात शिजेल का?" त्यांनी पिशव्या उचलून न्हाणीच्या भिंतीलगत, उजेड पण ऊन नाही अशा जागी ठेवल्या आणि मला हात लावायची बंदी केली. बोटानं माती चाचपून कोरडी लागली तरच पाणी, एवढंच. महिनाभर ती दोन-दोन पानं तशीच, ना मोठी ना सुकलेली. मग दोन काड्यांना नवं पान सुटलं आणि पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं. थांबलेली वाढ पुन्हा सुरू झाली की मूळ धरलं असं समजावं. बाकी दोन काही जगल्या नाहीत.

उन्हाळाभर रोपं सावलीतच सांभाळली. पावसाळ्यात एक परसात लावलं, खड्ड्यात मुरूम मिसळून, कारण अंजिराच्या मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. आपला कर्जत तालुका अवर्षणप्रवण, पण अंजिराला कोरडी हवाच मानवते. पहिली वर्षं पाण्याची सोय तेवढी हवी. दुसरं रोप वहिनीनं मागून नेलं आणि दारापुढे लावलं.

वर्षभर झाड गुडघ्याएवढंच. शेजारच्या काकू रोज टोमणा मारायच्या, "शेवगा लावला असतास तर शेंगा खाऊन झाल्या असत्या." दुसऱ्या वर्षी त्या फूल कधी येणार म्हणून विचारू लागल्या. आता अंजीर पडला उंबराचा भाऊबंद, त्याची फुलं फळाच्या पोटातच! काही परदेशी जातींना फळ धरायला बारीक किडा लागतो. आपल्याकडच्या पुना अंजिराला लागत नाही. तेव्हा मनात किंतु न आणता खावा.

तिसऱ्या पावसाळ्यात पाच फळं धरली. दोन पाखरांनी नेली. आई आली होती तेव्हा तिच्या हातावर एक ठेवलं. तिनं ते मधोमध फोडून पाहिलं, खाल्लं आणि म्हणाली, "पाणचट आहे गं. खट्टा बहार असाच असतो. उन्हाळ्यातला मीठा बहार येऊ दे." आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.